वकील हवा, पण तो बापाचा हवा

‘मृत्युपत्राला वकील लागत नाही’ हे वाक्य ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या किन्हवली भागात जमिनीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं. सांगणारी माणसं बहुतेक वेळा भली असतात: निवृत्त गुरुजी, सोसायटीचे माजी चेअरमन, चार भावांच्या वाटण्या करून दिलेले एखादे मामा. कायद्याच्या अक्षरापुरतं ते खरंही सांगतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये वकिलाचा उल्लेख नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकावं, आणि त्याच्या देखत आपापल्या सह्या कराव्यात. कागद कसा असावा, भाषा कोणती असावी, याची काही अट नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. मुलाच्या वहीतल्या कोऱ्या पानावर लिहिलेलं मृत्युपत्रही कायद्याला चालतं.

एवढ्यावरून ‘लागत नाही, तर लावू नका’ असा जो सल्ला दिला जातो, तो मात्र चुकीचा आहे. शहापूर-मुरबाडच्या जमिनींच्या बाबतीत तर तो घातक आहे. तो सल्ला ऐकून केलेले कागद कोर्टात उघडे पडतात आणि त्याची किंमत ज्यांच्या हातात काहीच नसतं त्यांना मोजावी लागते: विधवा आई, सासरी दिलेली मुलगी, मुंबईहून परत आलेला धाकटा भाऊ.

या सल्ल्यामागे एक गृहीत आहे. माणसाला आपलं काय आहे ते ठाऊक असतं, प्रश्न उरतो तो कुणाला काय द्यायचं हे लिहून ठेवण्याचा, असं ते गृहीत. डोंबिवलीत स्वकष्टाने एक फ्लॅट घेतलेल्या नोकरदाराच्या बाबतीत ते बरंचसं बरोबर असेल. आमच्याकडे ‘कोणाला द्यायचं’ हे म्हाताऱ्याने मनात कधीच ठरवलेलं असतं. ‘यातलं माझं किती’ हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नसतं.

किन्हवलीपासून सरळगावच्या बाजूला जा नाहीतर डोळखांबच्या, भातशेती आणि वरकस असं मिळून ज्याचं खातं आहे अशा कुठल्याही घरातला जुना सातबारा हातात घ्या. भोगवटादाराच्या रकान्यात एकच नाव दिसतं आणि त्याच्या आधी बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. आजोबा वारले तेव्हा धाकटे अज्ञान होते किंवा गिरणीत कामाला गेलेले होते, म्हणून थोरल्याचं नाव लागलं. तो जमिनीचा एकटा मालक झाला नाही, कुटुंबाच्या वतीने त्याचं नाव लागलं. आता त्या थोरल्याचा मुलगा ‘उताऱ्यावर फक्त बाबांचं नाव आहे’ म्हणून सगळा गट आपल्या नावे लिहून घेतो, तेव्हा तो चुलत्यांच्या मुलांचा हिस्साही लिहून घेत असतो. असं मृत्युपत्र सुवाच्य अक्षरात असलं, रजिस्टर असलं, तरी दुसऱ्याचा हिस्सा त्याने मिळत नाही.

खाली ‘इतर अधिकार’ या रकान्यात नजर टाका. कुळकायदा कलम ४३ ची शर्त नोंदलेली असते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने आमच्या भागातली कित्येक कुळं जमिनीची मालक झाली, त्यांना ३२ म ची प्रमाणपत्रं मिळाली. पण ती जमीन हवी तशी हस्तांतर करायला कायद्याने बंधन घातलं. दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विक्रीची परवानगी घेण्यातून सुटका मिळते, ही २०१४ ची सुधारणा आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. मृत्युपत्राचं काय, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनोदचंद्र कापडिया खटल्यात याच १९४८ च्या कुळकायद्याचा अर्थ लावला. न्यायमूर्ती उदय लळित यांच्या त्या निकालाचा आशय असा की कुळकायद्याच्या बंधनातली शेतजमीन शेतकरी नसलेल्या परक्या माणसाच्या नावे मृत्युपत्राने करणं हेदेखील बंदीत मोडतं. खटला गुजरातचा होता. कायदा मूळ मुंबई राज्याचा, दोन्हीकडे चालत आलेला. म्हणजे म्हाताऱ्याची शेवटपर्यंत सेवा केलेल्या शेजाऱ्याला, किंवा फार्महाऊससाठी आगाऊ पैसे मोजून बसलेल्या कल्याणच्या पार्टीला मृत्युपत्राने जमीन ‘देऊन टाकायची’ जी युक्ती एजंट सुचवतात, तिच्यात दम नाही. हे टायपिंगच्या टेबलावर कोण सांगणार?

त्याच रकान्यात कधी भोगवटादार वर्ग २ ची अट असते, कधी आदिवासी खातेदाराची. शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडमधली ७७ गावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला वरच्या मंजुरीशिवाय वाट नाही. त्यातून हिंदू उत्तराधिकार कायदा त्याच्या कलम २(२) प्रमाणे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरातल्या वारसाचा प्रश्न कुणब्याच्या घरातल्या प्रश्नासारखा सुटत नाही. वनहक्काचा दावा मंजूर होऊन मिळालेला प्लॉट तर वारसाने पुढे जातो, पण तो कुणाला देता-घेता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर नवराबायको दोघांच्या नावे असतो. नवऱ्याने एकट्याने ‘माझा प्लॉट धाकट्याला’ असं लिहून ठेवलं तर बायकोच्या हक्काचं काय झालं?

आता वडिलोपार्जित जमिनीकडे येऊ. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली आहे. आपला हिस्सा, सगळ्यांचा नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलगीही जन्मानेच सहहिस्सेदार असते, बाप २००५ मध्ये हयात असो वा नसो. पण एखादी जमीन ‘वडिलोपार्जित’ आहे का, हे नुसतं ती आजोबांची होती यावरून ठरत नाही. आजोबा १९५६ च्या आधी गेले की नंतर, मध्ये वाटप झालं का, झालं तर फेरफारात कसं नोंदलं गेलं, यावर उत्तर बदलतं. ते कळायला जुने फेरफार काढावे लागतात, काही मोडीतले, काही फाटलेले. हे काम गुरुजींचं नाही, स्टॅम्पव्हेंडरचं नाही, आणि माझंही नाही. लावणीआधी बांध पाहून घेणारा शेतकरी, वर्षभराच्या पिकासाठी एवढी काळजी घेणारा माणूस, पुढच्या पिढ्यांसाठीच्या कागदाला मात्र पाहणीच नको म्हणतो, याचं मला फार दुःख होतं.

‘पण आम्ही नोटरी केलीय,’ असं यावर उत्तर येतं. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. पाचशेच्या बाँडवर लिहिलं म्हणून वजन वाढत नाही. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर साक्षीदारांपैकी किमान एकाला, तो हयात असेल तर, पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं की सही होताना मी होतो आणि मीही त्यांच्यासमोर सही केली. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ६७ आहे. नियम तोच. प्रत्यक्षात काय होतं? म्हाताऱ्याचा अंगठा आत होतो, साक्षीदार बाहेर चहा पीत असतात, कागद बाहेर येतो आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून सह्या होतात. त्यात एक साक्षीदार म्हाताऱ्याच्याच वयाचा, दुसरा घरातला मेहुणा. दहा वर्षांनी उलटतपासणीत ‘सही केली तेव्हा ते कुठे बसले होते?’ या साध्या प्रश्नावर सगळं ढासळतं. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण, जवळपास राहणारा, मृत्युपत्रातून काही न मिळणारा असावा, आणि अंगठा असेल तर मजकूर कोणी वाचून दाखवला हे कागदावर यावं. इतक्या बारक्या गोष्टींवर वर्षं वाचतात किंवा जातात.

नोंदणीबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलाय. नोंदणी करावी, मी तर आग्रहाने सांगेन. दुय्यम निबंधकासमोर माणूस स्वतः उभा राहिल्याचा पुरावा राहतो, फोटो राहतो, कागद गहाळ झाला तरी नक्कल मिळते. पण रजिस्टर केलं म्हणजे कुणाच्या बापाला मोडता येणार नाही, हे खोटं आहे. नोंदणी झालेल्या मृत्युपत्राभोवतीही संशयाची परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचं ओझं ते पुढे करणाऱ्यावरच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे.

संशयाची परिस्थिती म्हणजे काय, इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो. १९५९ च्या एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून न्यायालयं एक गोष्ट बारकाईने पाहत आली आहेत: ज्याला मृत्युपत्रातून भरघोस मिळतं, त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतला का? आमच्याकडचं चित्र आठवून पाहा. थोरला मुलगा गाडी करतो. थोरला मुलगा ‘ओळखीच्या’ माणसाकडे नेतो. मजकूर त्यानेच आधी सांगून ठेवलेला असतो. साक्षीदार त्याचे मित्र. पैसे तो भरतो. म्हातारा मधल्या खुर्चीत बसतो, कोणी त्याला विचारत नाही, आणि ‘इथे सही करा, अप्पा’ म्हटल्यावर सही करतो. अप्पांच्या मनात तेच होतं, असंही असू शकेल. पण पुढे कोर्टात ते सिद्ध करणं त्या थोरल्यालाच जड जातं. प्रामाणिक मुलाचंही यात नुकसान आहे, हे ‘वकील कशाला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आणि हो, अशा वेळी वकील असला तरी तो बहुतेकदा मुलाचा असतो. ‘वकील लावला होता तरी भांडण झालंच’ अशी जी उदाहरणं दिली जातात, त्यातली बरीचशी अशी असतात. म्हणून मी नुसतं ‘वकील करा’ म्हणत नाही. मृत्युपत्र ज्याचं, वकील त्याचा. त्याने निवडलेला, त्याने फी दिलेला. मुलांना दाराबाहेर बसवून त्याच्याशी एकट्याने बोलणारा. ‘अप्पा, तुमची मुलं किती?’ असं विचारल्यावर अप्पांनी दोन मुलगे सांगितले तर ‘आणि मुली?’ असा दुसरा प्रश्न विचारणारा. ‘धाकट्याला कमी का?’ याचं उत्तर अप्पांच्याच शब्दांत लिहून घेणारा, कारण कमी-जास्त वाटणीचं कारण कागदावर असलं की पुढे संशयाला जागा कमी राहते. तब्येत नाजूक असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडायला लावणारा. असा वकील ज्याने एकदा पाहिला, तो मृत्युपत्राला वकील नको असं पुन्हा म्हणणार नाही. असे वकील शहापूर-मुरबाडात नाहीत, असं म्हणणं त्या व्यवसायातल्या सचोटीच्या माणसांवर अन्याय आहे. छापील नमुन्यात फक्त नावं बदलून देणारेही आहेत, हे मी नाकारत नाही. तुम्ही सातबारा न मागता मसुदा हातात ठेवणाऱ्या वकिलाकडून उठून यावं, इतकं मी सांगेन.

मग पैशाचा मुद्दा येतो, आणि तो खरा आहे. भातावर आणि पावसाळ्यानंतरच्या रोजंदारीवर चालणाऱ्या घराला वकिलाची फी जड वाटते, यात लपवण्यासारखं काही नाही. पण इथेही ‘वकील नको’ सांगणारे एक मोठी गोष्ट सांगायची विसरतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीची माणसं, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची मर्यादा न लावता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्या कायद्यात ‘विधी सेवा’ म्हणजे फक्त खटला लढणं नव्हे, कायदेशीर बाबीवर सल्ला देणंही त्यात येतं. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी समिती असते. किन्हवली परिसरातल्या कितीतरी घरांतली आई या हक्काने तिथे जाऊ शकते. घर, दागिने, माहेरून आलेला तुकडा तिच्याही नावे असतो आणि मृत्युपत्र फक्त बापानेच करायचं असतं असं नाही. मुलगा-मुलगी आणि नवरा नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची मालमत्ता साधारणपणे नवऱ्याच्या वारसांकडे जाते, फक्त आईबापांकडून वारशाने आलेली माहेरच्या वारसांकडे. तिने स्वतः कमावलेलंही सासरच्या दिरांकडे जाऊ शकतं. अंगणवाडीत नाहीतर आश्रमशाळेत आयुष्यभर नोकरी केलेल्या निपुत्रिक विधवेला हे कोणी सांगितलेलं नसतं.

विरोधकांचा सर्वात लोकप्रिय मुद्दा भावनेचा आहे: वकील आला की भांडण आलं. त्यासाठी मोठ्या घरांची उदाहरणं दिली जातात. बाळासाहेब ठाकरे यांचं मृत्युपत्र २०११ मधलं. १७ नोव्हेंबर २०१२ ला ते गेले. त्यांचे पुत्र जयदेव ठाकरे यांनी उच्च न्यायालयात हरकत घेतली आणि प्रकरण २०१८ पर्यंत चाललं. ‘एवढे मोठे वकील असून काय झालं?’ असं विचारतात. काय झालं ते नीट पाहा. मृत्युपत्र करताना मनःस्थिती ठीक होती का, हा तिथला वाद होता आणि त्यावर साक्ष द्यायला वकील आणि डॉक्टर कोर्टात उभे राहू शकले. शेवटी हरकत मागे घेतली गेली. हरकत कोणीही, कधीही घेऊ शकतो, ती थांबवायची ताकद कुठल्याच वकिलात नसते. ती आल्यावर उत्तर द्यायला माणसं आणि कागद उरतात का, एवढंच आधी पाहता येतं. आमच्याकडच्या अप्पांच्या बाबतीत दहा वर्षांनी कोण साक्षीला उभं राहणार आहे?

दुसरं उदाहरण जुनं आहे आणि मला ते जास्त शिकवणारं वाटतं. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले. त्याच दिवशी त्यांचं मृत्युपत्र झालं. विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. मग दत्तकाचा प्रश्न आला, वाद पेटला, टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप येऊन शिक्षाही झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केलं आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९१५ उजाडलं. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर, कायद्याचे वर्ग चालवलेले. तरीही अठरा वर्षं. माझ्या मते या प्रकरणातून कळतं ते असं की मरणाच्या दारात, घाईघाईने, अनेक शक्यता एकदम कागदात बसवायला निघालो तर हाताशी टिळकांसारखा माणूस असूनही मागे राहिलेल्यांची ससेहोलपट चुकत नाही. वकिलाकडे जायचं ते हातीपायी धड असताना. आमच्याकडे म्हाताऱ्याला सिव्हिल हॉस्पिटलात भरती केल्यावर टायपिंगवाल्याला बोलावतात.

नॉमिनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथेही ‘नाव लावलंय की, झालं’ ही समजूत आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या वादावर १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. साळगावकरांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. वाद म्युच्युअल फंड आणि ठेवींवरच्या नॉमिनींचा होता. नॉमिनी हा मालक होत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, असं न्यायालयाने सांगितलं. जिल्हा बँकेतल्या ठेवीला एका मुलाचं नाव लावून निवांत झालेल्या बापाने हे ऐकून ठेवावं.

आता जे माझ्या विरोधात जातं तेही मांडलं पाहिजे. सगळ्यांना सारखं द्यायचं आहे, बायको आणि मुलं यांच्यापलीकडे कोणाला काही द्यायचं नाही, कुळाचं बंधन नाही, चुलत्यांचा हिस्सा नाही, अशा घरात मृत्युपत्राची निकड नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ८ आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखेच हिस्से देतं. मुंबई शहरातल्या मालमत्तेला २०२५ पर्यंत लागू असलेली प्रोबेटची सक्ती ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या जमिनींना कधी नव्हतीच. अशा माणसाने वहीच्या पानावर दोन चांगल्या साक्षीदारांसमोर चार ओळी लिहिल्या तरी पुरे. पण असं घर आपलं आहे की नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं? सरकारला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम हाती घ्यावं लागलं. कित्येक उताऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबा बसलेले आहेत. स्वतःचं नाव ज्या उताऱ्यावर नाही, तिथल्या जमिनीचं मृत्युपत्र घरच्या घरी लिहू म्हणणं धोक्याचं आहे.

समृद्धी महामार्गाने या धोक्यात आणखी भर घातली. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता शहापूर तालुक्यातून जातो, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. जे भाऊ एका ताटात जेवत होते ते संपादनाच्या पैशांनी एकमेकांशी बोलेनासे झाले, हे या भागातला प्रत्येक जण जाणतो. मृत्युपत्राच्या दृष्टीने त्यात एक बारीक आणि फार क्रूर गोष्ट आहे. बापाने लिहून ठेवलं, ‘नदीकडचा गट मुलीला.’ पुढे तोच गट संपादनात गेला आणि मोबदला बापाच्या खात्यात जमा झाला. बाप गेल्यावर मुलीला काय? उत्तराधिकार अधिनियमाचा नियम असा की नेमून दिलेली वस्तू मरणाच्या वेळी देणाऱ्याच्या मालकीची राहिली नसेल, किंवा तिचं रूपांतर झालं असेल, तर ते देणं संपतं. मोबदल्याचं काय करायचं हे लिहिलेलं नसेल तर तो पैसा तिच्याकडे जात नाही. ‘या गटाचं संपादन झालं तर त्याचा मोबदलाही तिलाच’ एवढी एक ओळ पुरते. आणि ‘वर न लिहिलेलं, पुढे मिळणारं सगळं अमक्याला’ ही दुसरी. रस्ते, धरणं, कालवे, वीजवाहिन्या यांनी घेरलेल्या आमच्या तालुक्यात या दोन ओळींवाचून कुठलंही मृत्युपत्र अपुरं आहे.

मुलींचा विषय मी मुद्दाम पुन्हा काढतो. घरगुती मृत्युपत्रं जी पाहायला मिळतात, त्यांतली बरीचशी एकाच हेतूने केलेली असतात: ‘पोरींनी उद्या मागू नये.’ बापाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेपुरता त्याला तो हक्क आहे, कायदा आड येत नाही. मला स्वतःला तो अन्याय वाटतो. पण निदान तो बापाचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ हे वाक्य मुलाने मजकुरात घातलेलं नसावं. पुढे याच बहिणीला हक्कसोडीसाठी भाऊ शहापूरला नेतात. ती रक्षाबंधन तुटू नये म्हणून सही करते. बापाने तिला एक गुंठा जरी नावानिशी दिला असता, तर तिची मान त्या रांगेत वेगळी असती.

शेवटी एक गोष्ट, जिच्या एकटीसाठीही मी म्हाताऱ्यांना स्वतःच्या वकिलाकडे जा म्हणून हात जोडून सांगेन. मृत्युपत्र म्हणून बक्षीसपत्रावर सही घेतली जाते. दोन्ही कागद निबंधकाच्या कचेरीत होतात, दोन्हींना साक्षीदार असतात, दोन्हींत ‘माझ्या मुलास देत आहे’ असंच असतं. मृत्युपत्र मरणानंतर चालू होतं आणि जिवंत असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदलता येतं, रद्द करता येतं; मालकी आपल्याकडेच राहते. बक्षीसपत्र झालं की जमीन त्या दिवशीच गेली. पुढच्या महिन्यात फेरफार पडतो, उताऱ्यावरून नाव जातं, आणि घरात जेवणाचं ताट किती वाजता येईल हे दुसऱ्याच्या हातात जातं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण ती अट असल्याचं दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी ती दस्तात लिहिलेली बरी. म्हणून अप्पांनी, आणि आईनेही, सही करण्याआधी आपल्या वकिलाला दोन प्रश्न विचारावेत: हा कागद मी मेल्यावर लागू होणार की आजच? आणि आज लागू होणार असेल, तर माझ्या सांभाळाची अट यात कुठल्या ओळीत आहे, ती मला वाचून दाखवा.